पाटीचा आगाऊपणा

आमच्याकडे पूर्वी एक गिरणी होती. गिरणी म्हणजे कामाचा जुना कॉम्प्युटर. तो चालू केला की त्याचा पंखा असा घरघरायचा, की खालच्या मजल्यावरचा शिंपी एकदा वर येऊन अगदी साळसूद चेहऱ्याने विचारून गेला, "तुमच्याकडे दळून मिळतं का?" मी त्याला दारातच चार शब्द सुनावले. अक्का मात्र आतल्या खोलीत पोट धरून हसत होती.

अक्का माझी थोरली बहीण. आम्ही दोघी प्रूफं वाचतो. पुस्तक छापायला जाण्याआधी त्यातल्या चुका वेचून काढायच्या, हे आमचं काम. एकटीने बसून वाचलं की डोळा फसतो, म्हणून आमची पद्धत जुनी, जोडीने वाचायची. एकीने लेखकाची मूळ प्रत मोठ्याने वाचायची आणि दुसरीने छापायच्या पानावर नजर ठेवायची. अक्का वाचायची, मी बघायची. एखादं वाक्य फारच लांबलं, तर अक्का पेन्सिलीने टेबलावर टक् करायची आणि म्हणायची, "इथे श्वास घे." म्हणजे इथे वाक्य तोडायला हवं, लेखकाला विचार, अशी खूण मी कडेला करायची. कित्येक लेखक आमच्या टकटकीने सुधारले, हे त्यांना स्वतःलाही माहीत नाही.

प्रकाशकाकडे आम्हाला वेगळी नावं नव्हतीच. "हे पुस्तक 'दोघीं'कडे पाठवा," असंच ते म्हणायचे. ई-मेलचा पत्ताही एकच होता आणि त्यावर नावही 'दोघी' हेच होतं. पत्र कुणी लिहिलं, अक्काने की मी, हे कुणी विचारायचं नाही आणि आम्ही सांगायचो नाही.

एका सकाळी अक्का चहाचा कप उचलायला गेली आणि तिचा हात उठेना. मी काही विचारलं, तर तोंडातून शब्दाऐवजी नुसता घोगरा आवाज आला. पुढचे काही दिवस कसे गेले ते मला नीट आठवत नाही, आणि आठवायचंही नाही. जिवावरचं टळलं. मग तिला शहराच्या दुसऱ्या टोकाच्या पुनर्वसन केंद्रात ठेवलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला समजावून सांगितलं, "शब्द त्यांच्या डोक्यात अगदी शाबूत आहेत. जीभ आणि उजवा हात मात्र ऐकत नाहीत. डावा चालतो. सुधारणा नक्की होईल, पण त्यांनी मनावर घ्यायला हवं."

अक्काने मनावर घेतलं नाही. व्यायाम करून घेणारी मुलगी आली की डोळे मिटून घ्यायची. पाटी-पेन्सिल समोर धरली तर ढकलून द्यायची. मी गेले की घटकाभर माझ्याकडे बघायची आणि मग भिंतीकडे तोंड करायची. जिने जन्मभर माझ्यावर हुकूम सोडले, ती आता साधं "पाणी दे" म्हणण्यापुरताही इशारा करायला तयार नव्हती. मला तिचा रागही येत होता आणि जीवही तुटत होता.

याच सुमाराला गिरणीनेही मान टाकली. एका निवृत्त इंजिनिअरने पुलांवर लिहिलेलं जाडजूड पुस्तक आमच्याकडे होतं. त्यातली माझी वाचून झालेली प्रकरणं गिरणीच्या पोटात आणि गिरणी गार! मी टेबलावर डोकं टेकून बसले.

तेव्हा अक्काची लेक आली. तिचं घर लांब, एक अख्खा दिवस प्रवासात जातो. ती आली आणि पिशवीतून वहीसारखं काहीतरी काढून माझ्यापुढे ठेवलं.

"हे काय?" मी विचारलं.

"लॅपटॉप. तुझा कामाचा कॉम्प्युटर."

"हा? याला तर अंगच नाही."

"हलका आहे, मावशी. कुठेही नेता येतो. म्हणून तर आणला."

मी तो चालू केला. आवाज नाही, घरघर नाही, काही नाही. जे यंत्र काम करताना कण्हत नाही त्याच्यावर माझा विश्वास बसत नाही. "याच्या पोटात आहे तरी काय?" मी विचारलं.

"फारसं काही नाही. सगळं क्लाउडवर राहतं. हा फक्त दाखवतो."

"म्हणजे माझं काम ढगात?"

"हो. हा उद्या पाण्यात पडला ना, तरी तुझं काम सुखरूप. दुसऱ्या कुठल्याही मशीनवर नाव आणि पासवर्ड टाकायचा, की होतं तिथून पुढे."

"बरं, सेव्ह करायचं बटण कुठे आहे?"

"नाहीये. ते आपोआप होत असतं."

मी तिच्याकडे असं बघितलं की बिचारी दोन पावलं मागे सरकली. प्रत्येक पानाला सेव्ह केल्याशिवाय मला घोट गिळवत नसे. बटणच नाही म्हणजे काय? मी त्या यंत्राचं नाव तिथल्या तिथे 'पाटी' ठेवलं. दिसायलाही तशीच होती, आणि आतून कोरी.

भाचीने सगळं लावून दिलं. प्रकाशकाकडून पुस्तक आता थेट पाटीवर येणार होतं. "आणखी एक," ती निघताना म्हणाली, "हे कधीकधी आपणहून दुरुस्त्या सुचवतं. नको असतील तर शेजारच्या फुलीवर टिचकी मार, जातात. आणि असाच एक आईच्या उशाशी ठेवलाय. सिनेमे बघेल, गाणी ऐकेल. अजून हात लावलेला नाही तिने. दोन्हीकडे तुमचंच 'दोघी' खातं टाकलंय. वेगळं केलं असतं तर तू पासवर्ड विसरली असतीस."

ते शेवटचं वाक्य इतकं झोंबलं की त्याच्या आधीचं सगळं या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं.

मी पाटीला सरळ गिरणीच्या जागी बसवलं. खाली चार शब्दकोश रचले, म्हणजे ती डोळ्यांसमोर आली. जुना ढोबळा कीबोर्ड तिला जोडला. काम झालं की वरून गिरणीचं विणलेलं झाकण घालायची. ते पाटीवर असं दिसायचं, जसा बापाचा कोट पोराने घालावा. शिंप्याची बायको एकदा वर आली होती, ती म्हणाली, "अहो, हा हलका लॅपटॉप ना? मग असा बांधून का ठेवलाय?" मी म्हटलं, "कामाला एक जागा लागते."

काम मात्र चाललं होतं, ते कबूल करते. मी अक्काच्या रिकाम्या खुर्चीसमोर बसून दोघींचं काम एकटी करत होते. मोठ्याने वाचायचंही मीच आणि बघायचंही मीच. इंजिनिअरसाहेबांची वाक्यं त्यांच्या पुलांपेक्षा लांब. या काठावरून निघालं की त्या काठाला पोहोचेपर्यंत सुरुवात कुठून झाली होती ते विसरायला व्हायचं.

आणि मग पाटीने आपले रंग दाखवायला सुरुवात केली. सकाळी फाइल उघडली, तर एका शब्दातलं एक अक्षर खोडलेलं आणि शेजारी हिरव्या रंगात दुसरं अक्षर. कडेला छोटी चौकट, तीत बरोबरची खूण आणि फुली. चौकटीवर नाव 'दोघी'! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझंच नाव लावून ही बया मलाच शिकवणार? मी शब्द वाचलासुद्धा नाही, फुली मारली.

दुसऱ्या दिवशी आणखी दोन. फुली, फुली. त्याच्या पुढच्या दिवशी एका ओळीत नुसताच भलता स्वल्पविराम. "गप बस," मी पाटीला म्हटलं आणि फुली मारली. मला एवढी वर्षं झाली या कामात. कालचं पोर असलेलं यंत्र माझ्या पानात बोट घालतं, हे मी का चालवून घेऊ?

एके सकाळी तर कमाल झाली. एका प्रकरणाच्या शेवटी, पूर्णविरामानंतर, हिरव्या रंगात एकच अक्षर होतं, 'मी'. ना आगा, ना पीछा. नुसतं 'मी'.

"कळलं हो, तू," मी म्हटलं आणि तेही पुसलं.

त्यानंतर पाटी एकदम गप्प झाली. एकही दुरुस्ती नाही. मला वाटलं, चला, वठणीवर आली.

त्याच आठवड्यात भाचीचा फोन आला. तिचा आवाज थकलेला होता. "मावशी, मी ठरवलंय. महिनाअखेरीला येते आणि आईला माझ्याकडे घेऊन जाते."

"कायमची?"

"कायमची. माझ्याकडे मदतीला बाई मिळेल, लिफ्ट आहे, मुलं आहेत. इथे राहून ती काय करणार? भिंतच बघायची असेल तर माझ्या घरालाही भिंती आहेत."

मी म्हटलं, "अगं, पण आमचं काम?"

"कुठलं काम, मावशी? ती पेन्सिलीला हात लावत नाही." मग हळू आवाजात म्हणाली, "तिने एकदा, कशातही, जीव आहे असं दाखवलं ना, तर मी हट्ट धरणार नाही. आपण तिला घरी, तुझ्याकडे आणू. पण ती दाखवत नाही. मी रोज फोनवर नुसती माझीच बडबड ऐकते."

तिचं चूक नव्हतं. अक्का तिची आई आहे. पण अक्का गेली तर 'दोघी' या शब्दाचं मी एकटीने काय करायचं, हा प्रश्न मला त्या दिवसापासून टोचत राहिला. काम तर मी एकटीही रेटलं असतं. पण सकाळी टेबलाशी बसल्यावर समोरून "चल, आटप" म्हणणारं माणूस मला हवं होतं. दुसरं कुणी नको, तेच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी केंद्रात गेले, ती ठरवूनच गेले, की आज हिला बोलतं करायचं. मी पलंगाच्या कडेला बसले. पांघरुणाखाली काहीतरी टणक लागलं. जेवणाचा ट्रे असेल, असं समजून मी जरा सरकून बसले. अक्का भिंतीकडेच बघत होती.

मग मी कामाच्या गप्पा काढल्या. इंजिनिअरसाहेबांच्या वाक्यांची नक्कल करून दाखवली. काही नाही. शेवटी पाटीवर आले. "तुला सांगते अक्का, ती पाटी भलती आगाऊ आहे. परवापर्यंत माझ्या पानात रोज दुरुस्त्या करत होती. इथलं अक्षर खोड, तिथलं बदल. एकदा तर नुसतं 'मी' लिहून ठेवलं होतं. मी म्हणून! यंत्राला कसला आलाय एवढा मीपणा? मी सगळ्यांवर फुल्या मारल्या. आता कशी चिडीचूप आहे!"

अक्काने मान वळवली. माझ्याकडे डोळे मोठ्ठे करून बघितलं. मग तिच्या घशातून घर्रर्र असा आवाज आला, खांदे हलायला लागले, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. माझं धाबं दणाणलं. मला वाटलं, हिला ठसका लागला, श्वास अडकला. मी ओरडत परिचारिकेला बोलवायला धावले. परिचारिका आली, तिने अक्काची पाठ थोपटली, तिच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "अहो, काही झालेलं नाही यांना. घाबरू नका." अक्काने पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं. मी घरी आले ती जास्तच खचून.

आणि दुसऱ्या सकाळपासून पाटीला पुन्हा वाचा फुटली!

यावेळी तर तिचा धीर वाढला होता. आधी एकेक अक्षर असायचं, आता अख्खे शब्द. एका पानावर 'दोन खांबांचा पूल' होता, तिने 'दोन' खोडून 'तीन' केलं. मी म्हटलं, पाटीबाई, पूल तुम्ही बांधलात की इंजिनिअरने? फुली. एका ठिकाणी 'नदीच्या उजव्या तीरावर' होतं, तिथे 'डाव्या'. फुली. मी चहा पीत पीत फुल्या मारायची. खरं सांगायचं तर त्या रिकाम्या घरात तेवढंच भांडायला कुणीतरी होतं.

मग प्रकाशकाचा फोन आला. माणूस सौम्य, कधी आवाज चढवत नाही, म्हणून त्याचं बोलणं जास्त लागतं. "पुलांच्या पुस्तकात जरा घोळ दिसतोय," तो म्हणाला. "चित्रात तीन खांब आहेत आणि मजकुरात दोन. नकाशात गाव डाव्या तीरावर आहे. 'दोघीं'कडून असं कधी झालं नव्हतं. तुम्हाला मदतीला कुणी हवंय का? नव्या जोडीदाराची सोय करू?"

"नको," मी म्हटलं. "मी बघते."

फोन ठेवला आणि चित्र उघडलं. तीन खांब. स्वच्छ, ठळक, तीन. माझे कान तापले. पाटीचं बरोबर होतं. पण मग दुसरा विचार आला आणि मी उठून उभीच राहिले. पाटीला चित्र दिसलं कसं?

भाचीला फोन लावला. ती निघायच्या गडबडीत होती, दुसऱ्या दिवशी इथे पोहोचणार होती. "मावशी, ते फक्त शब्द तपासतं गं. चित्रातले खांब मोजत बसायला त्याला काय पडलंय? तूच बदललं असशील आणि विसरली असशील."

"मी विसरत नाही," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली. हे 'बरं' अक्काकडून आलंय तिच्यात. त्याला उत्तर नसतं.

दुसऱ्या दिवशी अवघड पेच होता. दुपारी भाची थेट केंद्रात येणार, अक्काचं सामान बांधणार. आणि पुस्तकाचं शेवटचं प्रकरण त्याच दिवशी द्यायचं होतं. मी कधी नव्हे ते पाटीचा कीबोर्ड काढला, वायरी सोडवल्या, झाकण बाजूला केलं आणि तिला उचललं. हाताला काही लागेचना! मी पुन्हा एकदा खाली ठेवून उचलून बघितली. एवढे दिवस मी हिला शब्दकोशांवर चढवून ठेवली होती, आणि ही बाई तर कधीची निघायच्या तयारीत होती. काखेत मारली आणि निघाले.

केंद्रात परिचारिका म्हणाली, "झोपल्यात त्या. पांघरूण घेऊन पडल्यात. जरा वेळ बसा." मी अक्काच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसले. समोर पाय प्लास्टरमध्ये घातलेले एक गृहस्थ चाकांच्या खुर्चीत पेंगत होते. पाटी मांडीवर उघडली. सकाळी जिथे सोडलं होतं तिथेच सगळं होतं, अर्धवट राहिलेल्या शब्दासकट. शेवटचं प्रकरण, आणि त्यातलं सगळ्यात लांब वाक्य. मी मनातल्या मनात वाचायला लागले.

आणि त्या वाक्याच्या मध्यावर एक हिरवं अक्षर उमटलं. 'इ'.

मी हात कीबोर्डवरून उचलले. दोन्ही हात वर, हवेत. प्लास्टरवाले गृहस्थ जागे होऊन माझ्याकडे बघायला लागले.

'थे' उमटलं. मग बराच वेळ काही नाही. मग एक भलतंच अक्षर आलं, पुसलं गेलं. पुन्हा दुसरं आलं, तेही पुसलं गेलं. कुणीतरी बोट उचलून, शोधून, नेम धरून मारत होतं. यंत्र कधी असं चाचपडत नाही. मी श्वास रोखून बघत होते, आणि माझ्या डोळ्यांदेखत त्या वाक्यात शब्द उभे राहिले.

'इथे श्वास घे'.

या जगात हे वाक्य एकच माणूस म्हणतं.

माझ्या डोळ्यांपुढे सगळ्या फुल्या नाचायला लागल्या. ती पहिली अक्षरं, तो भलता स्वल्पविराम, तीन खांब. आणि ते 'मी'. तिने सगळं बळ एकवटून, डाव्या हाताच्या बोटाने मला हाक मारली होती, आणि मी "कळलं हो, तू" म्हणून ती पुसून टाकली होती. मला रडू आवरेना. पण हात चालत होते. मी त्याच वाक्याखाली लिहिलं, 'कोण?'

उत्तर यायला युगं लागली.

'मीच. दुसरं कोण'

आणि थोड्या वेळाने, 'शहाणे'.

मी उठले आणि दार लोटलं. अक्का पलंगावर टेकून बसली होती. गुडघ्यांवर पांघरुणाचा तंबू, आणि तंबूच्या आत उजेड. मला बघताच तिने तो पांघरुणात दडवायचा प्रयत्न केला, पण माझ्या हातातली उघडी पाटी बघितली आणि थांबली. तिच्या मांडीवर तशीच दुसरी पाटी होती. माझा तो जेवणाचा ट्रे! मी तिच्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे. मग तिच्या घशातून तोच घर्रर्र आवाज आला, आणि आत्ता मला कळलं, की हे हसू आहे. त्या दिवशीही हसूच होतं. मी परिचारिकेला बोलवायला धावले होते आणि ही माझ्यावर हसत होती!

"अगं, मला सांगायचं नाही का?" मी रडत रडत भांडले.

तिने बोट उचललं. मी तिच्या शेजारी बसून अक्षरं मोजत वाट बघितली. 'आधी वाटलं, तुला नकोत. मग कळलं, तू पाटीशी भांडतेस. म्हटलं, बघू किती दिवस लागतात.'

एवढ्यात भाची आली. हातात मोठी रिकामी सुटकेस. दारातच थबकली. आई बसलेली, मावशी रडून लाल झालेली, दोघींच्या मांडीवर एकेक पाटी.

"काय चाललंय?" तिने विचारलं.

"काम," मी म्हटलं.

तिने पुढे येऊन पडद्यावरचं वाचलं. हिरवी अक्षरं, त्यांच्यामधल्या खोडाखोडी. ती सुटकेसवरच बसली. आधी हसली, मग तिचा चेहरा पडला. "आई, मला एक अक्षर नाही लिहिलंस. मी रोज फोन करत होते."

अक्काने तिच्याकडे बघितलं. मग बोट चालू झालं. लेकीसाठी तिने पहिल्यांदाच एक धड वाक्य लिहिलं. 'कच्चं प्रूफ बाहेर दाखवायचं नसतं.'

आमच्या कामातला हा पहिला नियम आहे. चुकांनी भरलेलं पान फक्त जोडीदाराने बघायचं. बाकी सगळ्यांनी बघायचं ते निर्दोष झालेलं. अक्काला स्वतःचं असं अर्धमुर्धं, चाचपडतं रूप लेकीला दाखवायचं नव्हतं. एक वाक्य धड लिहिता येईपर्यंत ती थांबली होती. मी मात्र बाहेरची नव्हते, म्हणून माझ्याकडे पाठवत होती. आणि मी फुल्या मारत होते.

"मी बाहेरची का गं?" भाचीने विचारलं. "मला कच्चीच हवीस तू."

अक्काने डावा हात पुढे केला आणि तिच्या गालावरून फिरवला. मग पुन्हा लिहिलं, 'चुकलं.' आणि त्यापुढे, 'पुढचं पुस्तक कधी येतंय?'

भाचीने सुटकेसची चेन लावली. रिकामीच. "मावशी," ती म्हणाली, "लिफ्ट नाही तुझ्याकडे."

"शिंपी आहे," मी म्हटलं. "दणकट आहे. खुर्चीसकट वर आणेल. सारखे टोमणे मारतो, जरा वजनही उचलू दे."

मी मारलेल्या फुल्यांचं काय, ही चिंता मला होती. भाचीने पाटीवर दोन-तीन टिचक्या मारल्या आणि जुन्या प्रती उघडून दाखवल्या. अक्काची एकूण एक दुरुस्ती तिथे होती, मी ज्या क्षणी पुसली त्याच्या आधीच्या अवस्थेत. पोटात काहीच नसलेल्या त्या पाटीने एवढं सांभाळून ठेवलं होतं. मी ढगाला मनातल्या मनात हात जोडले आणि त्या संध्याकाळी आम्ही दोघींनी शेजारी बसून सगळं पुन्हा तपासलं. अक्काच्या काही दुरुस्त्या साफ चुकीच्या होत्या, बोट घसरलेलं. त्या मी तिला दाखवून दाखवून काढल्या. तिने तोंड वाकडं केलं. मला किती बरं वाटलं, ते सांगता येणार नाही.

आता अक्का घरी आहे. खिडकीजवळच्या आरामखुर्चीत, मांडीवर पाटी. माझी पाटीही आता शब्दकोशांवरून खाली उतरलीय. कधी स्वयंपाकघरात, कधी अक्काच्या पायाशी, जिथे ती तिथे मी. व्यायाम करून घेणारी मुलगी घरी येते, आणि अक्का कुरकुर करत का होईना, जीभ वळवते, ओठ हलवते. मूळ प्रत आता मी मोठ्याने वाचते आणि ती बघते. आमच्या जागा बदलल्या, एवढंच.

भाचीने फोनवर सुचवलं, "आता तरी दोन वेगळी खाती करा. कुणी काय लिहिलं ते कळेल." अक्काने मान हलवली, नाही. मीही म्हटलं, नाही. पाटी अधूनमधून खरोखरच आपली अक्कल पाजळते, तेव्हा मी नुसतं विचारते, "अक्का, ही तू की पाटी?" अक्का पेन्सिलीने खुर्चीच्या हातावर टकटक करते. एकदा टक् म्हणजे ती, दोनदा म्हणजे पाटी. विचारल्याशिवाय मी आता एकही फुली मारत नाही.

परवा सकाळी असंच झालं. नव्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण, चहा निवत चाललेला. एका ओळीत हिरवा शब्द उमटला. मी डोकं वर न करता विचारलं, "ही तू की पाटी?"

टक् आलं नाही. मी वाट बघितली. खुर्चीकडून जड, घोगरा, बऱ्याच लांबून आल्यासारखा आवाज आला.

"मी."

मी वर बघितलं. अक्का स्वतःच दचकली होती. पेन्सिल तिच्या हातात तशीच होती.

मी ती दुरुस्ती मान्य केली. चुकीची होती, तरी केली.